उंबरठा उंच, घर पोकळ

केनियाने डिसेंबर २०२४मध्ये कायदा करून व्यापारी बँकांच्या किमान भांडवलाची अट १०० कोटी शिलिंगवरून १,००० कोटींवर नेली. एका उडीत नव्हे; २०२५अखेर ३००, मग वर्षागणिक ५००, ६००, ८०० आणि २०२९अखेर १,००० कोटी अशा पायऱ्यांनी. युगांडाने तर त्याआधीच २,५०० कोटी शिलिंगवरून १५,००० कोटींपर्यंत मजल मारली होती. नायजेरियाने आंतरराष्ट्रीय परवाना हवा असलेल्या बँकांपुढे ५०,००० कोटी नायरांचा आकडा ठेवला आणि मार्च २०२६अखेरची मुदत दिली. दरवेळी वाद रंगतो तो ठरलेल्या चाकोरीतच. एक बाजू म्हणते, या चार-दोन शाखांच्या परदेशी बँका हव्यात कशाला? येतात, आपल्याच गोतावळ्यातल्या व्यापाऱ्यांना कर्ज देतात आणि नफा गुंडाळून मायदेशी नेतात. भांडवल आणा, नाहीतर चालते व्हा. दुसरी बाजू म्हणते, परदेशी बँकेच्या पाठीशी भक्कम पालक बँक असते, तेव्हा ठेवीदाराने निर्धास्त झोपावं. तिसरा सूर आपल्याकडचा, मुंबईतला. बँक ऑफ बडोदाचं कॉर्पोरेट कार्यालय आणि बँक ऑफ इंडियाचं मुख्य कार्यालय इथलं, आणि आफ्रिकेतल्या त्यांच्या लहान उपकंपन्यांचा विषय निघाला की ‘असले पांढरे हत्ती करदात्याच्या पैशाने का पोसायचे’ हा प्रश्न ठेवलेलाच.

तिन्ही सूर एकाच गृहीतावर उभे आहेत: बँकेची ताकद तिच्या आकारावरून आणि तिच्या झेंड्यावरून कळते. हे गृहीत खोटं आहे. किमान भांडवलाचा ठोक आकडा वाढवणं हे बँकव्यवस्था सुरक्षित करण्याचं सगळ्यांत बोथट हत्यार आहे. त्याने सडलेली मोठी बँक सापडत नाही आणि धडधाकट छोटी बँक मात्र दाराबाहेर जाते. छोटी परदेशी बँक टिकावी की जावी हे ठरवायचं असेल तर तिची कर्जं कोणाच्या नावावर आहेत, तिचे पैसे कशात अडकलेत, तिची देणी-घेणी कोणाच्या आधाराने चुकती होतात आणि उद्या तिने गाशा गुंडाळला तर ग्राहकाचं काय होणार, हे बघावं लागेल. ते बघायला मेहनत पडते. आकडा जाहीर करायला एक परिपत्रक पुरतं.

घानात हा प्रयोग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत होऊन गेला आहे, म्हणून तिथलंच उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०१७मध्ये बँक ऑफ घाना या मध्यवर्ती बँकेने किमान भांडवल १२ कोटी सेडींवरून (सेडी हे घानाचं चलन) ४० कोटींवर नेलं आणि ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली. साधारण सव्वा वर्षात तिपटीहून जास्त. ४ जानेवारी २०१९ रोजी गव्हर्नर अर्नेस्ट अ‍ॅडिसन यांनी हिशेब मांडला तेव्हा ३४ बँकांच्या २३ झाल्या होत्या. काहींचे परवाने रद्द झाले, काही एकमेकींत विलीन झाल्या, एक खालच्या वर्गात गेली. आणि एक बँक आपणहून निघून गेली: बँक ऑफ बडोदा (घाना) लिमिटेड. भारतीय पालक बँकेच्या शंभर टक्के मालकीची ही छोटी उपकंपनी दहाएक वर्षं राजधानी अक्रात व्यवसाय करत होती. ती बुडाली नव्हती. मुंबईतल्या मालकाने हिशेब केला, आणखी भांडवल ओतण्याऐवजी कारभार आवरला. तिच्या सगळ्या ठेवी आणि निवडक कर्जं स्टॅनबिक बँक घानाकडे गेली.

या प्रसंगातली गंमत बघा. घानात भांडवलवाढीला सर्वांत मोठा विरोध होता देशी बँकमालकांचा. त्यांचं म्हणणं, हा डाव परदेश्यांसाठी आहे. त्यांच्या पालक बँका एका सहीत चेक पाठवतील, आम्ही कुठून आणायचे? प्रत्यक्षात सरकारने घाना अमॅल्गमेटेड ट्रस्ट नावाची व्यवस्था उभारून निवडक देशी बँकांना भांडवलाचा टेकू दिला, आणि चेक न पाठवता परत गेली ती परदेशी बँक. तिच्या ठेवी कुठे गेल्या? स्टॅनबिककडे, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या स्टँडर्ड बँक समूहाकडे. छोटी परदेशी बँक घालवून तिचे ग्राहक मोठ्या परदेशी बँकेच्या पदरात टाकले, असा याचा सरळ अर्थ. ‘देशी विरुद्ध परदेशी’ या चौकटीत ही गोष्ट बसतच नाही.

आता विरोधकांचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत, ते आधी मान्य करू.

पहिला इतिहासाचा. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, बँक ऑफ ब्रिटिश वेस्ट आफ्रिका १८९०च्या दशकात आली, पुढे बार्कलेज आली, आणि कित्येक दशकं या दोघींनी मैदान वाटून घेतलं. कोकोच्या हंगामात ठेवी गोळा व्हायच्या आणि शिल्लक पैसा लंडनला जायचा. आफ्रिकी व्यापाऱ्याला कर्ज मिळणं मुश्कील, कारण त्याच्याकडे बँकेला मान्य होईल असं तारण नव्हतं. जमीन कुळाची, समाजाची, तिचा वैयक्तिक दस्त कुठून आणणार? यातूनच १९५३मध्ये बँक ऑफ द गोल्ड कोस्ट उघडली आणि १९५७मध्ये स्वातंत्र्याबरोबर तिच्यातून मध्यवर्ती बँक आणि घाना कमर्शियल बँक अशा दोन संस्था झाल्या. तेव्हा परदेशी बँकेबद्दलचा संशय हा निव्वळ भावनेचा भाग नाही, अनुभवाचा आहे. टांझानियात तर फेब्रुवारी १९६७मध्ये अरुशा जाहीरनाम्यापाठोपाठ सगळ्या बँका सरकारजमा झाल्या. बार्कलेजबरोबर बँक ऑफ इंडिया आणि बँक ऑफ बडोदाही गेल्या. (ज्या बँकांना दार-ए-सलामने परकीय भांडवलशाहीच्या रांगेत उभं केलं, त्यांनाच दोन वर्षांनी, जुलै १९६९मध्ये, दिल्लीने देशी भांडवलशाहीचे बालेकिल्ले म्हणून सरकारजमा केलं. नशीब लागतं.)

दुसरा मुद्दा पालक बँकेच्या भरवशाचा. पाठीशी पालक आहे म्हणणाऱ्यांनी दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. ५ जुलै १९९१ रोजी बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल ऊर्फ बीसीसीआय या बँकेला अनेक देशांत एकदम टाळं लागलं. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत तिच्या शाखा होत्या आणि पालकच पोकळ निघाल्यावर त्यांच्या पाठीशी कोणी उरलं नाही. दुसरी तारीख ३१ मार्च २०१८. दक्षिण आफ्रिकेतल्या चार मोठ्या बँकांनी २०१६मध्ये राष्ट्राध्यक्ष झुमांच्या मर्जीतल्या, भ्रष्टाचाराचे आरोप असलेल्या गुप्ता कुटुंबाच्या कंपन्यांची खाती बंद केली, तेव्हा त्या कंपन्यांना मोठा आधार उरला बँक ऑफ बडोदाचा. तिथे तिची उपकंपनी नव्हती, शाखा होत्या. बँकांमधले पैसे वळते करणाऱ्या देशाच्या समाशोधन व्यवस्थेत ती नेडबँक या तिथल्या मोठ्या बँकेच्या प्रायोजकत्वावर चालत होती. म्हणजे तिच्या ग्राहकाचा पगार, भाडं, कर, सगळं नेडबँकेच्या दारातून जायचं. नेडबँकेने तो आधार काढून घेण्याची नोटीस दिली आणि बडोदाने देशातूनच काढता पाय घेतला. एक ग्राहक सांभाळायला गेले आणि परवाना घालवून बसले. या प्रकरणात छोट्या परदेशी बँकेची बाजू घ्यायला जागा नाही.

तिसरा मुद्दा खर्चाचा, आणि तो मला सर्वांत पटतो. बँक पाच शाखांची असो की दोनशेंची, काही खर्च ठरलेलेच असतात: कोअर बँकिंग प्रणालीचा परवाना, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेचं सदस्यत्व, मनी लाँडरिंगविरोधी तपासणीची यंत्रणा, जोखीम अधिकारी, अंतर्गत आणि बाह्य लेखापरीक्षण, सायबर सुरक्षा. मध्यवर्ती बँकेचा तपासनीसही छोट्या बँकेच्या तपासणीत मोठीच्या दशांश वेळात मोकळा होत नाही. डझनभर बारक्या बँका सांभाळण्यापेक्षा चार मोठ्या बऱ्या, असं नियंत्रकाला वाटलं तर त्यात आळस कमी आणि मनुष्यबळाची टंचाई जास्त आहे.

मग तरीही ठोक आकडा वाढवणं चूक का? कारण हे तिन्ही आजार त्या औषधाने बरे होत नाहीत. उलट एक-दोन बळावतात.

भांडवल म्हणजे काय, इथून सुरुवात करू. ताळेबंदावर लिहिलेला आकडा हे भांडवल नव्हे. तोटा झाला तर तो पचवायला प्रत्यक्ष उपलब्ध असलेला मालकाचा पैसा म्हणजे भांडवल. घानातल्या सफाईत जे बाहेर आलं ते या फरकाबद्दलच होतं. कॅपिटल बँकेला अडचणीत मध्यवर्ती बँकेने ६२ कोटी सेडींची तातडीची मदत दिली. त्यातलाच पैसा वळवून सॉव्हरिन बँक नावाच्या नव्या बँकेचं भांडवल म्हणून दाखवला गेला. म्हणजे मध्यवर्ती बँकेचेच पैसे, मध्यवर्ती बँकेलाच दाखवून, तिच्याकडूनच परवाना. युनिबँकेत भागधारक आणि त्यांच्याशी संबंधित लोकांनी मिळून ५३० कोटी सेडी उचलले होते. बँकेच्या एकूण मालमत्तेच्या तीन चतुर्थांश. त्यातले ३७० कोटी तर कर्जाच्या नोंदीतच नव्हते. अशा बँकेपुढे ‘१२ नव्हे, ४० कोटी दाखवा’ अशी अट ठेवली तर ती काय करेल? जिथून १२ दाखवले तिथूनच ४० दाखवेल. या बँका पकडल्या गेल्या त्या मालमत्तेच्या, म्हणजे दिलेल्या कर्जांच्या, गुणवत्तेची पाहणी झाली, नोंदवह्या उलगडल्या गेल्या म्हणून. भांडवलाच्या आकड्याने एकही पकडली नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सांगायला घानापर्यंत जायचीही गरज नाही. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला एक हजार रुपये काढायची मुभा होती. ती बँक छोटी नव्हती, बहुराज्यीय दर्जाची होती आणि कागदावर ठणठणीत होती. ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे होतं आणि ते लपवायला २१,०४९ बनावट खाती होती. तिचं किमान भांडवल दुप्पट असतं तर फोर्टच्या शाखेपुढची रांग छोटी झाली असती का?

दुसरा दाखला नायजेरियाचा, आणि तो या वादात कोणी काढत नाही याचं नवल वाटतं. २००४मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने किमान भांडवल २०० कोटी नायरांवरून २,५०० कोटींवर नेलं, मुदत २००५अखेर. ८९ बँकांच्या २५ झाल्या. जगभर कौतुक झालं, सुधारणा म्हणावी तर अशी. मग या २५ बँकांकडे एवढं भांडवल आलं की त्यावर परतावा मिळवण्यासाठी ते लावायला पुरेशी चांगली कर्जं सापडेनात. पैसा शेअर बाजारातल्या उधारीच्या सट्ट्याकडे आणि तेलाच्या आयातदारांकडे वळला. काही ठिकाणी बँकेनेच कर्ज देऊन बँकेचेच शेअर घ्यायला लावले, म्हणजे वाढलेलं भांडवलही पुन्हा बँकेच्याच खिशातलं. बाजार कोसळला आणि २००९मध्ये मध्यवर्ती बँकेला आठ बँकांचे प्रमुख हटवावे लागले, ६२,००० कोटी नायरा ओतावे लागले. सुधारणेला चार वर्षंही झाली नव्हती. त्याच लाटेतल्या गलेलठ्ठ झालेल्या नायजेरियन बँका घानात उपकंपन्या उघडत सुटल्या हा आणखी एक भाग. एका देशाचा उंबरठा वाढला की शेजारच्या देशात परदेशी बँकांची भर पडते, हे गणित कोणी मांडत नाही.

आता आकडेमोड. एका कर्जदाराला बँकेच्या स्वनिधीच्या, म्हणजे मालकाच्या भांडवलाच्या, २५ टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज द्यायचं नाही, असा नियम केनिया, युगांडा, घाना या तिन्ही देशांत थोड्याफार फरकाने आहे. स्वनिधी १२ कोटी सेडी असेल तर एका कर्जदाराची कमाल मर्यादा ३ कोटी. तो ४० कोटी झाला की मर्यादा १० कोटी. दुसरीकडे, मालकाला २० टक्के परतावा हवा असेल तर आधी वर्षाला २ कोटी ४० लाख नफा पुरत होता, आता ८ कोटी लागणार. बँकेच्या शाखा तेवढ्याच, कर्ज अधिकारी तेवढेच, ओळखीचा ग्राहकवर्गही तोच. टेमा या घानाच्या बंदरशहरातल्या कारखानदाराची ३० लाखांची कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची) फाईल तयार करायला जितके दिवस लागतात, जवळपास तितक्याच दिवसांत ९ कोटींची फाईल होते. मग व्यवस्थापक कुठली फाईल पुढे ओढेल? छोटी बँक गोतावळ्यातल्या मोजक्या लोकांना कर्ज देते ही तक्रार खरी आहे. पण भांडवल वाढवलं की ती तेच मोजके लोक ठेवून त्यांच्या रकमा वाढवते. ज्या रोगाची तक्रार, त्यालाच खुराक.

आणि फाईल ओढायचीच नसेल तर दुसरा सोपा मार्ग असतो: सरकारी रोखे. घानात त्या काळात दीर्घ मुदतीचे रोखे १६ ते २० टक्के व्याज देत होते. स्थानिक चलनातल्या सरकारी रोख्यांना जोखमीचं वजन शून्य, म्हणजे त्यांच्यापोटी भांडवल राखावं लागत नाही, त्यामुळे कितीही घेतले तरी भांडवल पर्याप्ततेचं प्रमाण झकास दिसतं. कर्ज द्या, वसुलीला फिरा, तारणाच्या जमिनीवरून कुळाशी कज्जे लढा, हे करायचं कोणी? नवं भांडवल आलं आणि मोठ्या प्रमाणात रोख्यांत जाऊन बसलं. मग ५ डिसेंबर २०२२ रोजी घाना सरकारने देशांतर्गत कर्जाची अदलाबदल जाहीर केली: जुने रोखे परत करा, कमी व्याजाचे आणि लांब मुदतीचे नवे घ्या. एका फटक्यात बँकांचं भांडवल वितळलं. खुद्द बँक ऑफ घानाला २०२२च्या वर्षात ६,०८० कोटी सेडींचा तोटा झाला. बँकांना भांडवल पुन्हा उभारायला २०२५अखेरपर्यंत सवलत द्यावी लागली. २०१७मध्ये मध्यवर्ती बँकेने बँकांना ‘भक्कम व्हा’ म्हणून दम दिला, आणि पाच वर्षांत सरकारनेच तो भक्कमपणा काढून घेतला. बाहेर पडलेल्या छोट्या बँकेच्या मालकाने २०१८मध्ये ४० कोटी भरले असते, तर त्यातले किती त्या अदलाबदलीत सापडले असते? मुंबईतल्या संचालकांनी दूरदृष्टीने निर्णय घेतला असं मी म्हणत नाही. तेव्हा सगळ्याच सरकारी बँका परदेशातले पसारे आवरत होत्या. पण परिणाम तसा झाला खरा.

मग छोटी परदेशी बँक करते तरी काय, जे मोठी करत नाही? याचं उत्तर शाखांच्या संख्येत नसून आयातीच्या कागदांत सापडतं. टेमाच्या एका औषध कारखान्याला मुंबईहून कच्चा माल हवा आहे. विक्रेता उधारीवर द्यायला तयार नाही; एलसी मागतो, म्हणजे ठरलेले कागद सादर केले की पैसे देण्याची बँकेची लेखी हमी (लेटर ऑफ क्रेडिट). घानातल्या एखाद्या लहान देशी बँकेने एलसी उघडली तर मुंबईचा विक्रेता म्हणतो, ही बँक मला ठाऊक नाही, हिच्यावर लंडनच्या एखाद्या बँकेची पुष्टी, म्हणजे तिचीही हमी हवी. ती पुष्टी फुकट नसते, आणि पुष्टी देणारी बँक घानाच्या बँकेकडून रोख मार्जिन आधी अडकवून ठेवते. उपकंपनीने एलसी उघडली तर संदेश जातो त्याच बँकेच्या मुंबई शाखेला, आणि विक्रेत्याचं खातं बहुधा तिथेच किंवा शेजारच्या गल्लीत. न्हावा शेवाहून माल सुटला की विक्रेत्याने २१ दिवसांच्या आत कागद सादर करायचे, बँकेने पाच कामकाजी दिवसांत तपासून होकार-नकार द्यायचा. अडतं ते बारीकसारीक ठिकाणी: बीजकावर मालाचं वर्णन एलसीतल्यापेक्षा एका शब्दाने वेगळं, विम्याची तारीख जहाज सुटल्यानंतरची, बिल ऑफ लेडिंगवरची (जहाजाच्या माल-पावतीवरची) सही राहिलेली. अशी विसंगती निघाली की बँक पैसे अडवू शकते, आणि इकडे टेमा बंदरात कंटेनरवर दिवसागणिक विलंबशुल्क चढत जातं. दोन्ही टोकांना एकच बँक असेल तर मुंबईचा अधिकारी अक्राच्या अधिकाऱ्याला फोन करून आयातदाराची संमती त्याच दिवशी घेतो. मोठी बँकही हे करू शकते, पण तिच्यासाठी तो शेकडो एलसींपैकी एक असतो. छोटीसाठी तो आठवड्याचा धंदा असतो.

ही सेवा राष्ट्रउभारणी वगैरे नाही. मर्यादित, व्यापारी, थोडी गोतावळ्याचीच सेवा आहे. पण जगभरच्या मोठ्या बँका आफ्रिकेतल्या लहान बँकांची नोस्ट्रो खाती, म्हणजे डॉलरच्या व्यवहारांसाठी मोठ्या बँकांत उघडलेली खाती, बंद करत असताना डॉलरपर्यंत पोचायची अशी एक वाट कमी करणं परवडतं का, हा प्रश्न भांडवलाच्या परिपत्रकात कुठे विचारलेला दिसत नाही.

आता ‘गेली तर गेली, ठेवी तर सुरक्षित राहिल्या ना’ या युक्तिवादाकडे. घानात ठेवी सुखरूप स्थलांतरित झाल्या, हे खरं आणि श्रेयाचं. देशी बँका कोसळल्या तिथे घाना कमर्शियल बँकेला दोन बँकांच्या ठेवी सांभाळायला २२० कोटींचे सरकारी रोखे द्यावे लागले, पाच बँका गोळा करून कन्सॉलिडेटेड बँक उभारायला त्याच्या दुपटीहून जास्त. त्या मानाने परदेशी बँकेचं जाणं करदात्याला जवळपास फुकटात पडलं. छोट्या परदेशी उपकंपनीच्या बाजूने याहून चांगला पुरावा नसेल. पण ‘निवडक कर्जं’ या दोन शब्दांत बरंच काही दडलं आहे. ठेवीदाराला नवा खातेक्रमांक मिळतो. कर्जदाराचं काय? ज्याचं कर्ज नव्या बँकेने निवडलं नाही, त्याच्या कॅश क्रेडिटचं वार्षिक नूतनीकरण होत नाही. त्याने दुसरी बँक शोधायची, तिथे पुन्हा केवायसी, पुन्हा तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, मालमत्तेचं पुन्हा मूल्यांकन. पण नवी बँक कर्ज देणार ते तारणावर, आणि तारण तर जुन्या बँकेच्या नावे नोंदलेलं. जुनी बँक पूर्ण फेड झाल्याशिवाय बोजा उतरवणार नाही. फेड करायला नवं कर्ज हवं. नवं कर्ज बोजा उतरल्याशिवाय नाही. त्यात कस्टमला किंवा सरकारी कंत्राटासाठी दिलेली बँक हमी मध्येच असेल तर ती मुदत संपेपर्यंत परत मागता येत नाही. तिच्याबदली दुसऱ्या बँकेची हमी आणायची, म्हणजे पुन्हा मार्जिन. वाहत्या एलसींचंही तेच. बाहेर पडणाऱ्या बँकेला मुंबईत एक ठराव पुरतो, आणि अक्रातल्या मधल्या आकाराच्या आयातदाराचं खेळतं भांडवल त्या वर्षी अडकून पडतं.

तेव्हा करायचं काय? थरांचे परवाने ही कल्पना मला पटते. छोट्या बँकेने छोटी कामं करावीत, मोठीने मोठी. पण युगांडाने ती ज्या रीतीने राबवली ती बघा. १५,००० कोटी शिलिंगची अट पुरी न करणाऱ्या एबीसी कॅपिटल, गॅरंटी ट्रस्ट आणि ऑपॉर्च्युनिटी या बँका १ जुलै २०२४पासून दुसऱ्या वर्गात गेल्या. पहिल्या दोन परदेशी समूहांच्या, एक केनियाच्या, दुसरी नायजेरियाच्या. दुसऱ्या वर्गाला काय करता येत नाही? धनादेशाची चालू खाती आणि परकीय चलनाचा व्यवहार. म्हणजे छोट्या परदेशी बँकेची जी एकमेव खासियत, तीच कापून उरलेला धंदा तिच्या हातात ठेवला. थर लावायचे तर उलट लावा: परकीय व्यापाराची कामं करू द्या, पण किरकोळ ठेवी गोळा करण्यावर मर्यादा घाला, म्हणजे बुडाली तरी भाजीवाल्याचे पैसे बुडणार नाहीत. एका कर्जदाराची मर्यादा २५ टक्क्यांवरून १५वर आणा. पहिल्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे तो दर तिमाहीला छापायला लावा. नावं नकोत, टक्केवारी पुरे. सरकारी रोख्यांतल्या गुंतवणुकीलाही स्वनिधीच्या पटीत कमाल मर्यादा घाला. यातल्या शेवटच्या अटीला अर्थमंत्रालयं कडाडून विरोध करतील, कारण त्यांचे रोखे मग घेणार कोण? तो विरोधच सांगून जातो की भांडवलवाढीचा खरा लाभार्थी कोण होता.

परदेशी बँकेसाठी आणखी दोन अटी. शाखा चालणार नाही, स्थानिक उपकंपनीच हवी, म्हणजे पालक आजारी पडला तरी इथलं भांडवल इथेच राहील. आणि थोडा हिस्सा स्थानिक शेअर बाजारात हवा. एकाच पालकाच्या दोन लेकी ताडून बघा. बँक ऑफ बडोदा युगांडात १९५३पासून आहे. १९७२मध्ये इदी अमीनने भारतीय आणि इतर आशियाई वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकललं, म्हणजे तिचा जवळजवळ सगळा ग्राहकवर्ग एका हंगामात नाहीसा झाला, तरी ती टिकली. आज तिचे २० टक्के शेअर कंपालाच्या बाजारात आहेत, तिचे आकडे वर्तमानपत्रात छापून येतात, लाभांश स्थानिक भागधारकांनाही मिळतो. घानातली उपकंपनी शंभर टक्के मुंबईची होती. जायचं ठरवताना अक्रात एकाही भागधारकाला विचारावं लागलं नाही. वीस टक्क्यांनी बँक अमर होते असं नाही, पण तिचं जाणं एका बैठकीपुरतं राहत नाही.

आणि परवाना देतानाच निरवानिरवीचा आराखडा लिहून घ्या. बँक बंद झाली तर कर्जं कोण घेणार, बोजे किती दिवसांत उतरवले जातील, वाहत्या एलसी आणि हम्या मुदतीपर्यंत कोण निभावणार, त्यासाठी पालक बँकेने किती रक्कम मध्यवर्ती बँकेकडे राखून ठेवायची. केनियाच्या छोट्या परदेशी बँकांच्या मुख्यालयांत २०२९चा हिशेब मांडला जात असणार: प्रत्येक पायरीला पैसे घालायचे, की ५०० कोटींच्या पायरीलाच उतरून जायचं? जे उतरतील त्यांच्या फायलींत टेमासारखेच मोंबासाचे आयातदार आहेत, आणि त्यांच्या गोदामांवरचे बोजे आज त्याच बँकांच्या नावे चढलेले आहेत.